पाटीभर भरडा

मु. खडकवाडी, ता. जिंतूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. भक्तीस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, गुन्हा कबूल. सोबत तुझं पत्र परत पाठवतोय. 'वीकर' नव्हे, 'विकर'. तांबड्या शाईने खूण केली आहे. मानवतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विकरातला 'वि' दीर्घ काढावा आणि तोही मला लिहिताना! एकतीस वर्षं मास्तरकी केली ती पाण्यात गेली म्हणायची.

इकडे ठीक. कान आता पुरते गेले. कानाशी येऊन कुणी ओरडलं तर थोडं उमगतं, बाकी फोन म्हणजे नुसता दगड. रेणुका घरात पाटीवर लिहून दाखवते, 'जेवायला चला', 'गोळी घेतली का'. जन्मभर मी लिहिलं आणि दुसऱ्यांनी वाचलं, आता उलटं चाललंय. योगीराज पुण्याला कंपनीत, दोन महिन्यांतून एकदा येतो. घर खरं म्हणजे माझी ही सून आणि तिची तांबू गाय, दोघी मिळून चालवतात.

तांबू आठवते ना तुला? लाल कंधारी जातीची. तिची आई मेली तेव्हा आठवड्याची होती. शेजारच्या बायनाबाईने बोटाने दूध चाटवून जगवलं तिला. गाय रेणुकाची, पण बायनाबाई दिसली की वैरण सोडून मान वर करते. धार काढायलाही बायनाबाईच लागते. गावात दहा घरच्या धारा काढते ती, नवरा गेल्यापासून त्यावर आणि दोन एकरांवर तिचं चालतं.

आता कामाचं. गेल्या वर्षीचा कडबा पडून आहे, नुसतं लाकूड. एका पुस्तिकेत वाचलं की कडब्याची कुट्टी करून तिच्यावर युरियाचं पाणी शिंपडायचं, ताडपत्रीखाली दाबून तीन आठवडे मुरू द्यायची, की कडबा मऊ होतो आणि दूध वाढतं. मी पारावर बोलून बसलोय की वसुबारसेला बायका गाय पूजायला येतील तेव्हा बघा, गुरुजींचा कडबा काय चीज आहे ती. पण कुट्टीचं यंत्र मिळायला अजून दहा दिवस लागणार, आणि वसुबारस अठ्ठावीस तारखेला. हे मुरणं लवकर होईल असं काही तुझ्या शास्त्रात आहे का? उलट टपाली उत्तर पाठव.

तुझा मामा
माणिकराव

*

मानवत
११ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना भक्तीचा सा. नमस्कार.

विकर, विकर, विकर. शंभर वेळा लिहू का? इकडून एसटीने तीन तासांत खडकवाडी येते आणि पत्राला चार दिवस लागतात, पण तुमची तांबडी शाई पाहिली की दहावीत असल्यासारखं वाटतं, म्हणून मी पत्रंच लिहीत राहणार.

युरिया आपला आपण फुटत नाही मामा. त्याचा अमोनिया करायला युरिएज नावाचा एन्झाइम, म्हणजे तुमचा विकर, लागतो. तो कडब्यावरच्या जंतूंमध्ये असतो, पण थोडा, म्हणून तीन आठवडे. तुम्हीच नाही का वर्गात सांगायचात की विकर म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. वर्षानुवर्षं अडलेलं लग्न आठवड्यात लावून देतो, आणि स्वतः होता तसाच पुढच्या गावाला निघतो.

लवकर हवं असेल तर ऊब. दहा अंशांनी ऊब वाढली की वेग साधारण दुप्पट होतो. फार तापलं तर विकरच मरतो, ती गोष्ट वेगळी. थंडी असेल तर मात्र तीन आठवडेही पुरत नाहीत. परवाच पोरांना दाखवलं. युरियाच्या पाण्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकलं. सोयाबीनमध्ये हा विकर ठासून भरलेला असतो. पाच मिनिटांत असा भपकारा आला की पहिल्या बाकावरच्या पोरी ओढणी नाकाला लावून बाहेर पळाल्या. तुम्ही हवे होता.

रेणुकावहिनीला आणि बायनामावशीला नमस्कार सांगा. तांबूच्या कपाळावरून हात फिरवा.

आपली
भक्ती

*

खडकवाडी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. भक्तीस आशीर्वाद.

पत्रात एकही चूक नाही. शाई वाळून गेली वाट बघून.

परवा, सतरा तारखेला, कडबा दाबला. गोठ्यामागे, उत्तरेच्या भिंतीला ढीग घातला, वर ताडपत्री, तिच्यावर दगड. आणि त्रैराशिक मांडलं. पुस्तिकेतले एकवीस दिवस पंचवीस अंशांचे धरले. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पस्तीस अंश असतात. दहा अंश जास्त, वेग दुप्पट, दिवस निम्मे. अठ्ठावीसला सकाळी उघडणार म्हणजे अकरा दिवस भरतात, गरजेपेक्षा अर्धा दिवस जास्तच. रेणुकाने पाटीवर लिहिलं, 'पुस्तकात तीन आठवडे आहे ना?' मी खाली लिहिलं, 'पुस्तक सगळ्या देशासाठी असतं, गणित आपल्या गावासाठी.' हसली बिचारी.

दिवाळीला येतेस ना?

तुझा मामा

*

खडकवाडी
३ नोव्हेंबर २०२४

चि. भक्तीस आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. तूही आली नाहीस. काळजी वाटते.

तांबू गेली. वसुबारसेच्याच दिवशी, पूजा झाल्यावर दोन तासांत. आधी अंगाला कापरं भरलं, मग तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते, ते सकाळी आले. म्हणाले, खाण्यातून विषबाधा.

झालं असं की पूजेला बायनाबाई नव्या सोयाबीनची पाटी घेऊन आली होती. दरसाल तिचं ते व्रतच, नवं पीक आधी गाईला, मग घरात. तिने आपल्या हाताने तांबूला खाऊ घातलं. डॉक्टर म्हणाले 'विषबाधा', पारावर जाईपर्यंत त्याचं 'विष घातलं' झालं. रेणुका तर त्याच वेळी ओरडली होती म्हणे, "काय घातलंव तुमी माझ्या गाईला?" आता बायका म्हणतात की पांढऱ्या कपाळाच्या बाईने वसुबारसेला गाईला शिवायलाच नको होतं. धारेला तिला कुणी बोलवत नाही. दहा घरांतलं एकही घर राहिलं नाही.

मी काय करणार? मला ऐकूही येत नाही कोण काय बोलतं ते. दैवाचा खेळ म्हणायचा आणि गप्प बसायचं. रेणुका दोन दिवस जेवली नाही. गोठ्याकडे बघवत नाही.

तुझा मामा

*

मानवत
९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना सा. नमस्कार.

पत्र वाचून खूप रडले. मी आले नाही कारण एकवीस तारखेला स्कूटीवरून पडले. उजवा पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पलंगावर. तुम्हाला काळजी नको म्हणून वहिनीला फोनवर सांगितलं आणि तुम्हाला सांगू नकोस म्हटलं. तुमचं एकोणीसचं पत्र दवाखान्यातून घरी आल्यावर वाचलं, तेव्हा वसुबारस होऊन गेली होती.

मामा, 'दैव' हा शब्द तुमच्या अक्षरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आजीला सर्पदंश झाला तेव्हासुद्धा तुम्ही तो लिहिला नव्हता.

म्हणून विचारते, रागावू नका. त्या दिवशी तांबूने तुमचा कडबा खाल्ला होता का? किती? ढिगाजवळ गेल्यावर डोळ्यांना झोंबेल असा वास आला होता का? आणि सोयाबीन अख्खं होतं की भरडलेलं? अख्खा दाणा असेल तर विकर आतच कोंडलेला राहतो. भरडलं की दाण्याची सगळी अंगं उघडी पडतात आणि काम झपाट्याने होतं. कडब्यात न फुटलेला युरिया राहिला असेल आणि त्यावर पाटीभर भरडा पोटात गेला असेल, तर माझ्या वर्गात जे पाच मिनिटांत झालं तेच तिच्या पोटात झालं. एवढा अमोनिया एकदम रक्तात उतरला तर जनावर वाचत नाही.

अशा वेळी बादल्या बादल्या गार पाणी पाजतात, सोबत व्हिनेगर, आपल्याकडे सिरका म्हणतात तो. गारव्याने विकर मंदावतो, आंबटाने अमोनिया बांधला जातो. आपल्याकडे गुरांचं पोट फुगलं की कोमट पाण्यात ओवा-गूळ देतात. तसं कुणी दिलं नाही ना? पोट आधीच तापलेलं, त्यात आणखी ऊब म्हणजे विकराला चाबूक मारल्यासारखंच.

असं असेल तर बायनामावशीचा काडीचाही दोष नाही. लवकर लिहा.

भक्ती

*

खडकवाडी
२० नोव्हेंबर २०२४

चि. भक्तीस आशीर्वाद.

तुझा पाय मोडला आणि मला कुणी सांगितलं नाही, म्हणजे बहिऱ्या माणसाला घरातही कुणी धरत नाही. रेणुकाशी दोन दिवस बोललो नाही.

तुझं पत्र तपासून परत पाठवलं आहे. तीन चुका. 'सर्पदंश' या शब्दातला रफार दोनदा दिला आहेस. एका ठिकाणी अनुस्वार नाही. 'झपाट्याने'मधला 'ट' अर्धवट.

भरडा होता. तांबू दुभती, तिला पचायला सोपं जावं म्हणून बायनाबाईने गिरणीवरून भरडून आणला होता. बाकी प्रश्नांची उत्तरं देऊन गेलेली गाय परत येणार आहे का? मी एकाहत्तर वर्षांचा आहे. गावात मला अजून गुरुजी म्हणतात. खोदून काय निघायचं ते मातीच.

बायनाबाई गंगाखेडला जाऊन आली. अनवाणी. गोदागंगेत बुडी मारली आणि परत अनवाणीच आली. पायाला फोड आले आहेत. दूध सोडलं तिने, चहा कोरा पिते. रेणुकाला आता पश्चात्ताप होतोय. काल भाकरी-भाजी घेऊन गेली, तर बायनाबाई दारातूनच म्हणाली म्हणे, "नगं बाई. माह्या हातानं गाय गेली. माह्या हातचं पानी बी पिऊ नगंस." रेणुकाने ते मला पाटीवर लिहून दाखवलं. मी पाटी पुसून टाकली.

पाय जप.

मामा

*

मानवत
२६ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही उत्तरं दिली नाहीत, तेव्हा ती मी ग्लासांकडे मागितली. पलंगाशेजारी स्टुलावर चार ग्लास मांडले, चारही ग्लासांत युरियाचं पाणी. पहिल्यात अख्खं सोयाबीन टाकलं, तासभर वाट पाहिली, काही नाही. दुसऱ्यात भरडा, सात मिनिटांत डोळ्यांतून पाणी. तिसऱ्यात भरडाच, पण पाणी फ्रिजमधलं. वास यायला कितीतरी वेळ गेला. चौथ्यात भरडा आणि सिरका. वास आलाच नाही. यांनी येऊन खिडक्या उघडल्या आणि विचारलं, प्लास्टर डोक्याला घातलंय की पायाला.

आता माझं ऐका. अकरा ऑक्टोबरच्या पत्रात मी सोयाबीनची गंमत लिहिली आणि खाली एक ओळ लिहायला हवी होती: असा कडबा चालू असताना गुरांना कच्चं सोयाबीन देऊ नका. ती ओळ मनात आली होती मामा. मग वाटलं, मामांना काय सांगायचं, त्यांना कळतंच. आणि पोरींच्या ओढण्यांबद्दल लिहीत बसले. दहा अंशांना दुप्पट हेही असं फेकलं की जणू ढिगावर दिवसभर ऊन असतं आणि पहाटेचा गारवा नसतोच. तुमचं एकोणीसचं पत्र वाचलं तेव्हा 'उत्तरेच्या भिंतीला' या शब्दांवर अडखळले होते. तिथे या दिवसांत ऊन पडतच नाही.

तेव्हा चूक माझी आहे. गावात तसंच सांगा. भाचीने मानवतहून चुकीचं लिहून पाठवलं म्हणा, मला इथे कोण काय म्हणणार आहे? तुमचं गुरुजीपण शाबूत राहील आणि बायनामावशी सुटेल. तुम्ही सांगणार नसाल तर मी तिला पत्र लिहिते. तिला वाचता येत नाही, वहिनी वाचून दाखवतील.

भक्ती

*

खडकवाडी
८ डिसेंबर २०२४

चि. भक्ती,

तुझं पत्र चार दिवस उशाखाली होतं. खरं सांगतो, पहिले दोन दिवस मला ते पटलं होतं. भाचीने चुकीचं लिहिलं, एवढं एक वाक्य आणि सगळे मोकळे. पारावर जाऊन कसं बोलायचं तेही ठरवलं. चपला घातल्या. दारात तांबूचा खुंटा लागला पायाला आणि मी परत आत आलो.

तुझी चूक नाही. ऐक.

अठ्ठावीसला सकाळी ताडपत्री काढली तेव्हा वास आला, पण पुस्तिकेत लिहिलाय तसा झोंबणारा नाही. हात घातला तर ढीग गार होता. खालच्या थरात युरियाचे पांढरे खडे तसेच, पाणी नीट विरघळलंच नव्हतं. मी ते बोटांनी चुरडले आणि कुणाला दिसू नयेत म्हणून पायाने माती लोटली. गणित चुकलं होतं हे मला तेव्हाच कळलं, भक्ती. पण पारावरचे चौघे संध्याकाळी बघायला येणार होते. वरच्या थरातला कडबा द्यायचा असं ठरवलं, आणि तांबू खातेय बघून खालचाही दिला. दोन घमेली सकाळी, दोन दुपारी. ती कधी नव्हे ते चाटून पुसून खात होती आणि मी ओट्यावर बसून मिशीत हसत होतो.

संध्याकाळी बायका आल्या. ओवाळणं झालं. बायनाबाई सगळ्यांच्या मागे, डोक्यावर पाटी घेऊन. तिने पाटी खाली ठेवली, वरचं फडकं काढलं, आणि मला पिवळा भरडा दिसला. तुझं पत्र माझ्या बंडीच्या खिशातच होतं. पाच मिनिटांत भपकारा, हे शब्द डोळ्यांपुढे आले. अगदी स्पष्ट आले.

मी उठलो नाही.

उठलो असतो तर का म्हणून सांगावं लागलं असतं. कडबा कच्चा आहे, गुरुजींचं गणित चुकलं, असं भर पूजेत बायकांसमोर आणि त्या चौघांसमोर. म्हटलं, मूठभर खाईल, काय होतंय? बायनाबाई ओंजळीने भरवत होती. तांबू तिच्या मनगटापर्यंत चाटत होती. पाटी रिकामी झाली. तेवढा वेळ होता माझ्याकडे. एका शब्दाचं काम होतं, थांब. तो शब्द मी एकतीस वर्षं पोरांवर ओरडून घालवला आणि त्या दिवशी तोंडातून निघाला नाही.

कोमट पाण्याचं विचारलंस. ते मीच तापवायला लावलं. रेणुका गार पाणी ओतत होती, मी तिच्या हातातून कळशी काढून घेतली आणि खुणेने चूल दाखवली. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचली तेव्हा माझ्या हाताला अजून ती ऊब लागत होती.

रेणुका ओरडली तेव्हा मला ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसत होती. बायनाबाई रेणुकाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. गुरुजी शिकलेले आहेत, काहीतरी सांगतील, अशी. मी दुसरीकडे पाहिलं. गावाला वाटलं, बहिऱ्याला काही कळलं नाही. बहिरेपणाचा एवढा उपयोग मी आयुष्यात कधी केला नव्हता.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तुझ्या लग्नात पडलो तेव्हा तू लाजून मागे सरकली होतीस. आज या कागदातून पडतो, सरकू नकोस. मला माफ कर.

मामा

*

(वरचंच पत्र, पाकिटातून परत आलेलं. 'चि. भक्ती' या दोन शब्दांभोवती तांबड्या शाईचं गोल. समासात लिहिलेलं:)

मामा, एकच चूक सापडली. पत्ता चुकलाय.
भक्ती, १३ डिसेंबर

*

खडकवाडी
२४ डिसेंबर २०२४

चि. भक्तीस आशीर्वाद.

चूक दुरुस्त केली. बरोबर आली की नाही ते तू ठरव.

रविवारी सकाळी बायनाबाईच्या अंगणात गेलो. रेणुकाला सोबत घेतलं, आणि वसुबारसेला आलेल्या पाचही बायकांना आणि पारावरच्या चौघांना निरोप धाडला. वाटलं होतं कोण येतंय, पण गुरुजी प्रयोग दाखवणार म्हणून तिघंचौघं जास्तच जमले. त्यात माझ्याकडे शिकलेलेही होते. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती.

दोन पेले. दोन्हीत युरियाचं पाणी. एकात नुसतंच, दुसऱ्यात बायनाबाईच्याच डब्यातला उरलेला भरडा. वर हळदीचा ओला कागद धरायचा. साबणाने हळद लाल होते तशी ती अमोनियानेही होते, शाळेत हे सगळ्यांनी केलेलं. मी भरड्याचा पेला बायनाबाईच्या हातात दिला. ती घेईना. "नगं गुरुजी, माह्या हाताला नगं," हे तिच्या ओठांवरून मलाही कळलं. मी म्हटलं, "तुझ्याच हाताला हवंय. पेला दोन्ही तळव्यांत धर, थंडीत त्याला ऊब लागते." तिने धरला. सगळे जवळ सरकले.

दहाबारा मिनिटं गेली. मग तिने नाक मुरडलं, मान मागे घेतली, डोळ्यांना पाणी आलं. कागद तांबडा झाला. बायनाबाई म्हणाली, आणि रेणुकाने ते लगेच पाटीवर लिहिलं, "हळदीचं कुंकूच झालं की ओ." दुसरा कागद पिवळाच्या पिवळा. तेव्हा मी सांगितलं. ढीग, त्रैराशिक, लोटलेली माती, कोमट पाणी. भरड्यात विष नव्हतं, कडब्यात कच्चा युरिया होता, आणि तो मी घातला होता. बायनाबाईने तिला जपून भरडून आणलं म्हणून ते भरभर झालं, एवढीच तिची चूक, आणि ती चूक मायेची. मग शेवटचं सांगितलं, की पाटी खाली ठेवली तेव्हाच मला कळलं होतं आणि मी उठलो नाही.

पारावरच्या चौघांपैकी एक उठून गेला. रेणुका माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लिहीत नाही.

बायनाबाई काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी रेणुकाकडे पाटीसाठी हात केला, तर तिने मान हलवली. मी पुन्हा हात केला. मग तिने लिहिलं, बायनाबाईचेच शब्द:

"कान गेले तुमचे. तोंड तर हुतं?"

मी तिथेच खाली बसलो. विकर स्वतः बदलत नाही, होता तसाच पुढच्या गावाला जातो, असं मी पोरांना शिकवत आलो. त्या मातीत बसल्यावर वाटलं, पेल्यातल्या भरड्याचं असेल तसं, माणसाचं नसावं. मला तरी त्या अंगणातून उठून कुठल्याच गावाला जाता येईना.

माणसं पांगली. जाताना एकेकीने बायनाबाईच्या हाताला हात लावला, आणि एक म्हणाली, उद्या पहाटे धारेला ये. ते रेणुकाने आनंदाने मोठ्या अक्षरात लिहिलं.

मग बायनाबाईने चहा ठेवला. रेणुकाला घरी पाठवून पेलाभर दूध आणायला लावलं, पिशवीचं होतं ते, गोठा अजून रिकामाच. चहा गाळला, तीन कपांत ओतला. एका कपात दूध घातलं, तो रेणुकाला दिला. दुसऱ्यात घातलं, तो स्वतःला घेतला. वसुबारसेनंतर पहिल्यांदा दूध घातलं तिने चहात, थोडं सांडलंसुद्धा. तिसरा कप तसाच कोरा माझ्यापुढे सरकवला. रेणुकाने दुधाचा पेला माझ्या कपाकडे नेला, तर बायनाबाईने तिचं मनगट धरलं आणि पेला खाली ठेवायला लावला.

मी कोराच प्यालो. घरीही कोराच पितोय. रेणुका आता विचारत नाही.

पाय नीट टेकता आला की ये. पत्रात काही चुका असतील तर असू दे.

तुझा मामा
माणिकराव